काचेआडून सांगितलेला शब्द

मार्नीने शब्द लिहिलेलं कार्ड दातांत धरलं आणि दोन्ही हातांनी तान्ह्या एल्सीला खांद्यावर घेतलं. चर्चमधल्या रांगेत पुढे चारच जण उरले होते. एल्सीने एक हुंदका दिला, मग दुसरा, आणि मग पाळकांच्या कानठळ्या बसाव्यात असा टाहो फोडला.

"जा गं, घेऊन जा तिला," मागच्या बाईने हसत तिची पाठ थोपटली. "आम्हीही काढलीत तिथे वर्षं."

चर्चच्या मागच्या भिंतीला तान्ह्या बाळांच्या आयांसाठी काचेची खोली होती. पलीकडचं सगळं छतातल्या स्पीकरमधून आत ऐकू यायचं. आतलं मात्र बाहेर जात नसे. एक झुलती खुर्ची, एक साधी खुर्ची, टिश्यूचा डबा, एक कान तुटलेलं कापडी मेंढरू. ऑक्टोबरपासूनचे सगळे रविवार मार्नीने इथेच काढले होते.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी प्रत्येकाने वर्षभरासाठी एक शब्द निवडायचा आणि मंडळीसमोर मोठ्याने सांगायचा. आईबापांनी मुलाला घेऊन पुढे जायचं. त्या शब्दाच्या आधाराने त्याला वाढवायचं, म्हणून पाळक त्याच्या डोक्यावर हात ठेवत. मार्नी नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून शब्द शोधत होती. दूध पाजताना, कपड्यांच्या घड्या घालताना, एल्सी गाडीत झोपली म्हणून दुकानाबाहेर हीटर चालू ठेवून बसल्या बसल्या.

"मिळाला का देवाकडून शब्द?" तिच्या नवऱ्याने, ड्र्यूने फोनवर विचारलं होतं. तो नॉर्थ डकोटात तेलाच्या विहिरींवर. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी.

"मिळेल."

"सावकाश होऊ दे. देव कुठे पळून जात नाही. जायचं असतं ते मलाच."

दोघंही हसले होते. मग फोन ठेवल्यावर तिने कार्डावर 'धीर' लिहून टाकलं. बरा होता शब्द, कुणाला न बोचणारा. खरं म्हणजे शब्दापेक्षा तिला ते पुढे जाऊन उभं राहणं हवं होतं. एकदा तरी सगळ्यांनी आपल्याकडे पाहावं, आपण काय म्हणतो ते ऐकावं. या गावात येऊन आठ महिने झाले होते. माणसं वाईट नव्हती. एल्सी झाली तेव्हा बायकांनी खाण्याचे अकरा डबे आणले होते. बाळंतिणीची झोपमोड नको म्हणून बेल न वाजवता, पायरीवर ठेवून गेल्या होत्या.

"घर," स्पीकरमधून कुणीतरी म्हणालं. टाळ्या. "कृतज्ञता." टाळ्या.

"आणि आपली मार्नी राहिली ना?" पाळकांनी मान उंचावून काचेकडे पाहिलं. "अगं, येऊ नकोस, बाळ आत्ता कुठे गप्प झालंय. तिथूनच सांग!"

बाकांवरची सगळी डोकी मागे वळली. सगळे हसरे, वाट पाहणारे चेहरे.

मार्नी उठली. काचेच्या अगदी जवळ गेली. हातातल्या कार्डाकडे तिने एकदा पाहिलं आणि ते उलटं धरलं. बाहेर काहीच ऐकू जाणार नव्हतं.

"एकटी," ती म्हणाली. सावकाश, स्पष्ट.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आमेन! वा, काय सुंदर!" पाळकांनी दुरूनच एल्सीच्या दिशेने हात उंचावला, आशीर्वाद दिला आणि पुढचं नाव घेतलं. डोकी परत वळली.

एक तेवढं वळलं नाही. तिसऱ्या बाकाच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या आर्डिसबाईंनी टाळीही वाजवली नव्हती. त्यांनी पर्स काखेत मारली, बाकाला धरून उठल्या आणि मधल्या वाटेने सगळ्यांसमोरून चालत मागे आल्या.

दार ढकलून त्या आत शिरल्या. "माझे कान दहा वर्षांपूर्वीच गेले," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून लोकांचे ओठ वाचून भागवते. पाळकांच्या पाठीमागे लोक काय काय बोलतात, तुला म्हणून सांगते!"

मार्नीचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. "मी... कार्डावर ते नव्हतं लिहिलं."

"काय लिहिलंयस?"

"धीर."

"हं." आर्डिसबाई झुलत्या खुर्चीत बसल्या. "माझा नवरा व्हर्न गेल्यापासून मी दरवर्षी 'आनंद' सांगते. सात वर्षं झाली. दणकून टाळ्या पडतात."

अर्ध्या तासापूर्वी, एल्सीला मांडीवर सांभाळत, त्या आनंदाला मार्नीनेही टाळी दिली होती.

"दे ती पोर इकडे." म्हातारीने हात पसरले. एल्सीचं डोकं दंडावर नीट घेतलं. मग पायाने समोरची साधी खुर्ची थोडी ढकलली. "आणि तू अशी माझ्याकडे तोंड करून बस. नाहीतर मला कसं कळायचं काय म्हणतेस ते?"

मार्नीने काचेकडे पाठ केली आणि बसली.