खाडीपलीकडचा जावई

आमच्या कळपातले सगळे उंट एकाच नराचे. लेकी त्याच्या, नातीही त्याच्याच. अलीकडे पिल्लं जन्मायची ती वाकड्या पायांची, दोन पावलं टाकून बसणारी. सासरे जाकबचाचा रोज कपाळ चोळायचे.

"बाहेरचं रक्त आणायला हवं. नाहीतर समुद्रात पोहणारे आपले उंट संपले म्हणून समजा."

"खाडीपलीकडे माझ्या भावाकडे आहे की नर," मी म्हटलं. "मोरो."

माझा नवरा उमर हसला. "त्या घरातून तू आलीस, तेवढं पुरे नाही झालं?"

"मी आल्यावर तुम्ही सुधारलात. आता कळप सुधारू दे!"

भाऊ साजन आनंदाने तयार झाला. एकच अट, मोरोची पहिली लेक त्याच्या कळपात धाडायची. ऐन थंडीत, माजावर आलेला मोरो पाण्यात उतरला. मी आणि चाचा होडीत. उमर मोरोची शेपटी धरून पोहत होता. आमच्या सांडण्या, कळपातल्या माद्या, समोरच्या बेटावर तिवरं चरत होत्या.

अर्ध्या खाडीत वारा फिरला. मोरोने मान उंचावली, नाकपुड्या फुलवल्या आणि असा काही सुटला, की होडी मागे पडली!

"सोड शेपटी!" चाचा ओरडले.

"सोडली तर बुडेन!" उमर किंचाळला. त्याचा फेटा एकीकडे, तो दुसरीकडे. मला हसू आवरेना. होडी हलायला लागली तसे चाचा माझ्यावर ओरडले आणि मग तेही खो-खो हसत सुटले.

मोरो बेटावर चढला तो तोंडाला फेस, जबड्याच्या कडेने माजावरच्या नराचा लाल फुगा बाहेर, गडगडाट करत. सांडण्या चौखूर उधळल्या. फक्त म्हातारी हिरू जागची हलली नाही. चघळता पाला तसाच तोंडात ठेवून तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बघा, सासूबाई पारखतायत!" चिखलात बसलेला उमर धापा टाकत म्हणाला.

पुढच्या हिवाळ्यात साजनला कबूल केलेली पहिली मादी झाली, ती हिरूच्याच पोटी. लांब, सरळ पाय. धडपडली, उठली आणि आईला लुचू लागली. चाचांनी तिथेच नाचायला सुरुवात केली. पाय घसरून ते गुडघाभर चिखलात रुतले, तरी हात वर करून नाचतच राहिले. आम्ही दोघं त्यांना ओढत होतो आणि हसून हसून आमच्याही अंगात जोर उरला नव्हता.