तळहातावरचे घट्टे

१९३४ सालची नागपंचमी पंधरा दिवसांवर आली आणि माझा उजवा तळहात तिसऱ्यांदा फाटला. मलखांबावर पकड घेताना जाड घट्टाच सोलून निघाला. वस्ताद वामनराव सर्वांदेखत म्हणाले, "गिरिधर, आता फाटला तर पंचमीले तुया जागी मनोहर चढेल." पंचमीच्या खेळातल्या त्या जागेसाठी मी सात वर्षं घाम गाळला होता!

औषध मात्र कोणी एक सांगेल तर शपथ. वस्ताद म्हणाले, आखाड्याची माती चोळ. सदर भागातल्या दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, माती मुळीच नको, आयोडीन लाव. बायको शामला म्हणाली, "माया टाचा फाटतात तवा मी झाम्यानं घासते, तूप लावते. तुमचे घट्टे उंच झाले, म्हणून फाटून राहिले." कुठे टाच, कुठे मलखांब! मला रागच आला.

कोणाचं ऐकावं कळेना, म्हणून वस्तादांचंही ऐकलं आणि कंपाउंडरचंही. सकाळी माती, दुपारी आयोडीन. चार दिवसांत हात सुजला.

शेवटी दोन्ही बंद केलं. जखम भरल्यावर न्हाणीघराला कडी लावून शामलेचा झामा, तो खरबरीत दगड, घेतला. रोज हात कोमट पाण्यात भिजवून घट्टे घासले, वर तूप लावलं. लाज वाटायची, पण हात फाटेना.

पंचमीच्या सकाळी एकदम आठवलं. त्या दिवशी चढण्याआधी वस्तादांना तळहात दाखवायचा, हा आमच्या आखाड्याचा रिवाज. घट्टे नाहीत म्हणजे सराव नाही, आणि सराव नाही तर चढायचं नाही. हे मी विसरलोच कसा?

वस्तादांनी माझा हात हातात घेतला, अंगठा फिरवला. "घट्टे कुठी गेले गा?"

सात वर्षं त्यांच्या पायांना हात लावला होता, तळहाताला कधीच नाही. आज लागला. तीस वर्षं मलखांब केलेल्या माणसाचा तळहात सपाट, मऊ! तुपाचा वासही येत होता.

"झामा?" ते हळूच म्हणाले.

"हो. बायकोचा."

"माया घरी तुया काकूचा हाय. बोलू नको कुठी. चढ."

मी चढलो. उलटा लटकलो, हात शाबूत. मग सात वर्षं माझ्या रक्ताळल्या हातांवर माती काहून? हसावं की रडावं, कळेना.

खाली वस्ताद मनोहरचा फाटका तळहात धरून ओरडत होते, "माती चोळ म्हटलं होतं ना तुले!"