टाकीला उपास

डिलाईल रोडच्या चाळीमागे बायोगॅसची टाकी बसली, तेव्हा कमिटीचे अध्यक्ष हेमचंद्र राणे यांनीच नारळ फोडला होता. आता तेच माया जाधवच्या दारात उभे होते.

"रविवारी टाकी उचलतोय. वास सहन होत नाही. शिवाय तिथे गाड्या लागतील."

माया परळच्या एका इस्पितळात लॅबमध्ये कामाला होती. टाकी तिच्याच खटपटीने आलेली. घराघरांतलं खरकटं टाकीत जायचं आणि त्या गॅसवर वैशालीवहिनींच्या महिला मंडळाचे डबे व्हायचे. गेल्या आठवड्यात महाप्रसादाचा उरलेला भात आणि शिरा हेमचंद्रांच्या माणसांनी टाकीत ओतला. शेगडी विझली, आंबट घाण सुटली.

"काका, टाकी बिघडली नाही, बिघडवलीत," माया म्हणाली. "आत दोन तऱ्हेचे जंतू असतात. पहिले भाताचं आम्ल करतात. दुसरे ते आम्ल खाऊन मिथेन करतात, पण वाढतात फार सावकाश. तुम्ही एवढं ओतलंत की आम्ल साचलं आणि दुसरे त्यात अर्धमेले झाले."

"मग फेकून देऊ."

"अर्धे जिवंत आहेत. मी हात लावू देणार नाही."

त्याच संध्याकाळी तिने खरकटं टाकायच्या पाइपाला कुलूप घातलं. बायका बादल्या घेऊन आल्या.

"अगं, आम्ही हे कुठे टाकायचं?"

"पालिकेच्या डब्यात. टाकीला उपास आहे."

आम्ल मारायला तिने थोडा थोडा चुना कालवून सोडला. तबेल्यातून ताजं शेण आणलं, कारण मिथेनवाले जंतू त्यात असतातच. तिची आई सुंदराबाई नाकाला पदर लावून शेण कालवायला बसली. गॅलरीतून टोमणे येत होते.

रविवारी हेमचंद्र टेम्पो घेऊन आले. माया टाकीच्या कट्ट्यावर बसून राहिली.

"पेटवून दाखव, मग बोल," ते म्हणाले.

तिने शेगडीची चावी फिरवली, काडी धरली. गॅस फुसफुसला आणि काडी विझली. गॅलरीत हशा पिकला.

मायाचे कान तापले, पण ती उठली नाही. "आज नाही पेटणार. नुसता कार्बन डायऑक्साइड येतोय. जंतू तुमच्या टेम्पोच्या टायमावर वाढत नाहीत, काका. मीही उठणार नाही."

वैशालीवहिनी पोळपाट ठेवून बाहेर आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. मग सुंदराबाई. मग ज्यांचं खरकटं परत गेलं होतं त्याही दोघी-तिघी. टेम्पोवाला वैतागून हॉर्न वाजवू लागला. शेवटी हेमचंद्रांनीच त्याला जायला सांगितलं.

पुढे दोन-तीन आठवडे माया रोज काडी लावून बघायची. एका सकाळी निळी ज्योत फुरफुरली, विझायला आली आणि टिकली. वहिनींनी शेगडीवर चहाचं भांडं चढवलं. उकळायला फार वेळ लागला, पण कोणी जागचं हललं नाही.

हेमचंद्र वरून बघत होते. माया ओरडली, "काका, टाकी इथेच राहणार! आणि आत काय जाईल ते मी ठरवणार!"

ते आत गेले.