चाळीस पावलांचं पाणी

खजुरीचं झाड तोडलं शाद्लीने, आणि वर तोंड करून बहिणीलाच विचारलं, "एका झाडासाठी एवढा आकांत?"

मन्नूबियाच्या अंगाचा तिळपापड झाला. बाई पन्नाशीची, पण आवाज असा की लांबच्या होडीतली माणसंही माना वळवत.

"एक झाड? अरे, हद्द होती ती आपली! स्फाक्स शहरात राहून डोक्यात सिमेंट भरलंय का तुझ्या? ओसरीला खांब हवा होता तर मला उभं करायचंस!"

कर्कना बेटांवर जमिनीसारखी समुद्राचीही वाटणी असते. किनाऱ्यावर दोन खजुरी होत्या, त्यातलीच एक शाद्लीने तोडली; समुद्रातून त्या एकामागे एक दिसत त्या रेषेपर्यंत यांच्या घराचं पाणी. गेल्या वर्षी बाबा वारले. जमीन शाद्लीला मिळाली, पाणी मन्नूबियाला. खरं तर बाबांची नजर गेल्यापासून सात वर्षं झावळ्यांचं कुंपण तीच चिखलात रोवत होती. भरतीला मासळी गवतात चरायला येते, ओहोटीला खोल पाण्याकडे परत निघते, कुंपणाला अडते आणि कुंपणाच्या कडेकडेने जात सापळ्यात शिरते. मासळी खोल पाण्यात उतरते ती समुद्रतळातल्या एका घळीच्या तोंडातून. ते तोंड ज्याच्या हद्दीत, त्याची चूल पेटते. ज्याच्या हद्दीत नाही, त्याने वाळू मोजत बसावं.

झाड पडलं आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या पाण्याचा मालक फरजानी मच्छीमारांचे तंटे सोडवणाऱ्या अमीनाकडे गेला. त्याचं म्हणणं, खजुरींची रेषा मन्नूबियाच्या बापाने मागाहून ठरवली. खरी हद्द चाळीस पावलं तिच्या बाजूला. म्हणजे घळीचं तोंड फरजानीचं.

ज्या कॉफीच्या दुकानात बायका पाऊल टाकत नाहीत, तिथे मन्नूबिया तरातरा शिरली.

"तीस वर्षं मूग गिळून बसलास, आणि बाबा गेल्यावर वाचा फुटली होय रे?"

"तेव्हाही बोललो होतो, मन्नूबियाबाई," फरजानी खाली बघत म्हणाला. "तुझ्या बाबांनी हसण्यावारी नेलं. मग सगळेच हसले."

"खोटारड्या! तुझ्या पोरांना मासळी धरता येईना म्हणून ती गिरणीत पळाली. तो राग आमच्यावर काढतोस?"

फरजानीने कप खाली ठेवला. तो भिंतीकडे वळून बसला. मन्नूबियाने ते पाहिलं, आणि तिला बरं वाटलं.

"पुरे," म्हातारा अमीन म्हणाला. "मोठ्या ओहोटीला तळ उघडा पडेल. जुने खुंट काय सांगतात ते बघू."

त्यात सगळं आलं. कुंपण दर वर्षी नवं रोवतात आणि जुन्याची बुडं चिखलात मोडून राहतात. चिखल त्यांना कुजू देत नाही; सगळ्यांत जुने खुंट जिथे, तिथे मूळ हद्द.

शरदातल्या पुनवेनंतर पाणी असं काही मागे हटलं की वर्षभर बुडालेलं गवत उन्हात लोळत पडलं. अमीन आणि फरजानी उरलेली खजूर आणि तोडलेला बुंधा यांच्या रेषेवर उभे राहिले. मन्नूबिया कपडे खोचून चिखलात उतरली आणि खुंट उपटू लागली. पहिला निघाला तो तिने स्वतः रोवलेला. दुसराही तिचाच. तिच्या सात वर्षांच्या बुडांखाली बाबांचे अलीकडचे खुंट होते, पण जुना, काळा पडलेला एकही नव्हता.

"खाली असतील, खोल!" ती ओरडली आणि शोधत आपल्या बाजूला सरकत गेली. बादली घेऊन शाद्ली मागे.

चार पावलांवर एक रांग लागली. दहावर दुसरी. वीसवर अजून एक. मोजून चाळीसाव्या पावलाला कोळशासारखे काळे खुंट लागले, दाट रांगेत. तिने एक उपटला. टोक उलट्या बाजूने तासलेलं होतं. बाबा डावखुरे होते. अख्ख्या बेटावर असं टोक दुसरं कुणी तासत नव्हतं. त्यापलीकडे खुंट नव्हतेच.

म्हणजे बाबांनी कुंपण थोडंथोडं करत फरजानीकडे सरकवलं होतं. भरतीच्या पाण्याखाली, कुणाला न दिसता. आणि घळीचं तोंड कुंपणात आलं त्या वर्षी बाबांनी सगळ्या गावाला त्या दोन खजुरी दाखवल्या असणार. गोड बोलून, हसत हसत.

"गाड परत," शाद्ली कुजबुजला. "ते लांब आहेत, त्यांना दिसलं नाही. तासाभरात पाणी चढेल. मग पुढल्या वर्षी बघू."

"काय बघू?"

"तोंड गेलं तर खाशील काय तू? आणि बाबांचं नाव?"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. बाबांचं नाव! याच नावासाठी ती भर दुकानात एका सरळ माणसाच्या पोरांवर गेली होती. तो भिंतीकडे वळला तेव्हा तिला बरं वाटलं होतं. फरजानीच्याच मासळीवर ती वाढली, तिचं लग्न झालं, हा शाद्ली शिकला. आणि बाबा शेवटच्या दिवसापर्यंत तिच्याकडून झावळ्या रोवून घेत होते. ती त्या कुणाच्या पाण्यात रोवतेय, तेवढं बोलले नाहीत.

"ए फरजानी!" तिने हाक मारली. "खांबासारखा काय उभा राहिलास तिकडे? इकडे ये! अमीनकाकांना घेऊन ये!"

शाद्लीने खुंट हिसकायला हात घातला. तिने तोच खुंट त्याच्यावर उगारला, तसा तो मागे सरला आणि चिखलात बसला.

"पाय उचल जरा, पाणी फिरलंय!" ती पुन्हा फरजानीवर ओरडली.

फरजानी आला. तिने खुंट त्याच्या पुढ्यात धरला. माफी मागायची होती, पण तोंडातून निघाला तो रागच.

"हे माझ्या बापाच्या हातचं. हद्द इथे आहे. तोंड तुझं. तुझ्या पोरांना मी नाही नाही ते बोलले, आता तू मला बोल."

फरजानीने खुंट हातात घेतला, टोकावरून अंगठा फिरवला. अमीनाने मान खाली घातली. पाणी घोट्यांपर्यंत आलं होतं.

"बोल ना! अरे, बोल म्हणते ना!"

फरजानीने वाकून खुंट परत त्याच जागी रोवला.