कितवा

"कितवा?" सदानंदनं कागदावरून मान वर न करता विचारलं.

"चौथा," समिधा म्हणाली.

त्यानं चौकोनात चार लिहिले.

आखातातल्या एका शहरात, ऊद मेथा भागातल्या त्या खासगी दवाखान्यात सदानंद अठरा वर्षं नोंदणीच्या काउंटरवर बसत होता आणि माणसं वाचायची त्याला भारी खोड. चाल पाहून तो बाईचे दिवस सांगे आणि बूट पाहून नवऱ्याची नोकरी शाबूत आहे की गेली ते. २००९च्या त्या मार्चमध्ये, मंदीत, निम्म्या बुटांना पॉलिश नव्हतं. समिधाच्या नवऱ्याच्या, नीलेशच्याही नव्हतं. इथल्याच अल बर्शातली त्याची कंपनी बंद पडली, नवी नोकरी शेजारच्या अमिरातीत, शारजात मिळाली, बिऱ्हाड तिकडं हललं आणि दोघांचे पासपोर्ट नव्या व्हिसासाठी अडकले. नाहीतर समिधा कधीच पुण्याला गेली असती.

पोटातल्या बाळाच्या डोक्याची कवटी धरलीच नव्हती. जन्मलं तरी काही तासांचं. अशा वेळी गर्भपाताला कायद्यात मुभा होती; पण डॉक्टरांच्या समितीनं मान्य केलं तर, आणि एकशे वीस दिवसांच्या आत. अर्ज भरला त्या रविवारी एकशे बारावा होता.

"एकशे वीसच का?" नीलेशनं विचारलं.

अरबी अर्ज टाइप करणारा जहूर हळूच म्हणाला, "उसके बाद रूह आती है, भाई. मजहब का हिसाब है."

"मग तो तुमचा हिशेब झाला! आम्ही घरात गणपती बसवतो, तेव्हा कोणी अडवत नाही. इथंच का?"

"गणपती घरात बसतो रे," सदानंद म्हणाला, "हा अर्ज सरकारात बसतो."

"आमच्यात कधी येतो जीव, काका?" समिधानं मध्येच विचारलं. "आई म्हणते, पहिल्या दिवसापासून असतो. मग मी काय जीव नाही म्हणून आलेय का इथं?"

"यल्ला जहूरभाई, लिहा," सदानंद म्हणाला.

मंगळवारी फाइल परत आली. कायदा अख्ख्या देशाला एकच, समित्या मात्र ज्या त्या अमिरातीच्या. बाई राहायला शारजात, तेव्हा अर्ज तिकडच्या समितीकडं. बुधवारी सदानंद स्वतः टॅक्सी करून देऊन आला. गुरुवार गेला, शुक्रवार-शनिवार सुट्टी. रविवारी उत्तर आलं: चार महिने पूर्ण, मुदत संपली.

"चौथा चालू आहे तिला!" सदानंद ओरडला. "एकशे एकोणीस होतायत आज!"

जहूरनं अर्जावर बोट ठेवलं. "सदाभाई, यहाँ पूछा है, कितने महीने पूरे हुए. आपने चार लिखा, मैंने चार टाइप किया."

सदानंद त्या चौकोनाकडं बघत राहिला. फॉर्मनं विचारलं होतं किती. त्यानं आपल्या आईसारखं, मावशीसारखं विचारलं, कितवा. पोरीनं बरोबर उत्तर दिलं होतं. तीन पूर्ण, चौथा चालू.

सोमवारी दुरुस्त केलेला अर्ज घेऊन तो पुन्हा गेला. समितीची बैठक बुधवारी होती, एकशे बाविसाव्या दिवशी.

पासपोर्ट आले तोवर भारतातली गर्भपाताची वीस आठवड्यांची मुदतही उलटून गेली. ते सांगायला नीलेश आला, त्यानं सदानंदचा हात दोन्ही हातांत धरला. "काका, तुम्ही किती धावलात हो आमच्यासाठी. समितीच आडवी आली."

सदानंदनं तोंड उघडलं. तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला, आणि त्यानं तो घेतला.

त्यानंतर समिधा दर महिन्याला तपासणीला येत राहिली. सदानंद तिच्या चालीकडं बघत नसे. आठव्या महिन्यात ती आली तेव्हा खुर्च्या भरलेल्या होत्या. साफसफाईच्या हव्वाबीनं स्वतःचं स्टूल आणून दिलं आणि तिच्या हातात एक खजूर ठेवला. "खा बेटा. लडका होएगा, देख लेना. तेरे जैसा गोरा."

सदानंदच्या हातातलं पेन थांबलं.

"इन्शाल्ला, खाला," समिधा म्हणाली आणि हसली. सावकाश, शेवटपर्यंत तिनं तो खजूर खाल्ला. मग बी कुठं टाकावी म्हणून इकडंतिकडं बघू लागली. सदानंदनं काउंटरवरून हात पुढं केला. तिनं ती त्याच्या तळहातावर ठेवली.