निळं नाव

हिंमतआप्पांनी माऊस हातात घेतला तो उद्‌घाटनाचा नारळ घ्यावा तसा. समोर मंगल कार्यालय भरलेलं, भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड आणि त्या उजेडात समाजाच्या नव्या वेबसाइटवरची वधू-वरांची निळी नावं.

शेजारच्या खुर्चीवर हेमांगी होती. वेबसाइट तिनेच बनवली. शहाद्यात ती कॉम्प्युटर क्लास चालवते आणि क्लासची खोली आप्पांची. त्यामुळे आप्पांच्या समाजमंडळाचं काम फुकट करावं का, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. आप्पांना तिने दोनच गोष्टी शिकवल्या होत्या: नाव दाबलं की माहिती उघडते आणि वरच्या कोपऱ्यातला बाण दाबला की यादी परत येते. अध्यक्षाला याहून जास्त विद्या लागतही नाही.

आप्पा दाबत होते, बाणाने मागे येत होते, टाळ्या घेत होते. पुतण्या धीरजच्या पानावर ते जरा जास्तच रेंगाळले. फोटोत ट्रॅक्टर, मागे केळीची बाग. 'फारकत' हा शब्द सगळ्यात खाली, बारीक अक्षरात.

ती फारकत जिच्याशी झाली ती प्रतिभा मागे खांबाआड बसली होती, आई सुगंधाबाईजवळ. यादीत तिचंही नाव होतं. त्याला आप्पांची हरकत नव्हती. सूचना तेवढी होती. सोमवारी क्लासवर येऊन, बशीत चहा ओतत ते म्हणाले होते, "नाव ऱ्हाऊ दे बेटी, नही ते लोके बोलतीन. फक्त दाबं ते काही उघडाले नको."

एकाच फारकतीचे दोन हिशेब. हेमांगीने त्यांच्यादेखत प्रतिभाच्या लिंकमधला पत्ता पुसला आणि त्या जागी नुसतं हॅशचं चिन्ह ठेवलं. असं नाव इतरांसारखंच निळं दिसतं, पण दाबलं तर कुठेच नेत नाही. आप्पांनी स्वतः दाबून खात्री केली आणि चहा संपवला. ते मुकं नाव मग आठवडाभर हेमांगीच्या डोळ्यांसमोर राहिलं.

आता सुगंधाबाई उभी राहिली. "आप्पा, मन्ही प्रतिभानं बी दाबा ना."

आप्पा हसले. नेट स्लो शे, हे उत्तर त्यांनी घरूनच आणलं होतं. त्यांनी दाबलं.

हेमांगीने ओढणीचं टोक मुठीत आवळलं. सकाळी तिने तो पत्ता परत लिहिला होता. शिवाय एक सूचना जास्तीची: ही लिंक त्याच पानावर नको, नव्या टॅबमध्ये उघडावी. बाकी कुठल्याच नावाला ती नव्हती.

भिंतभर प्रतिभा उघडली. आरोग्य केंद्रात नर्स. साधी साडी, थेट नजर. 'फारकत' वरच, ठळक. तिनेच तसं सांगितलं होतं.

"नेट..." एवढं आप्पांच्या तोंडून निघून गेलं. त्यांनी बाण दाबला. बाण फिका पडला होता. पुन्हा दाबला, मग जोरात. जणू जोराने दाबलं की कॉम्प्युटर ऐकतो.

"मांगे कसं जावानं?" ते दातांतून म्हणाले.

"नव्या टॅबले मांगलं पान नही ऱ्हास, आप्पा."

"मंग बंद कर."

बंद करायची फुली वरच होती. हेमांगीने हात मांडीवरून हलवले नाहीत. "बाया वाची ऱ्हायन्यात. वाची होऊ द्या."

आप्पा लोकांकडे पाहून हसत राहिले आणि त्याच हसऱ्या तोंडाने हळूच म्हणाले, "महिना संपना की खोली रिकामी कर."

"बरं," ती म्हणाली. आवाज नीट निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

बायकांच्या रांगेत कुणीतरी शिक्षण, नोकरी मोठ्याने वाचत होतं. दोघी-तिघींनी भिंतीवरचा नंबर घ्यायला मोबाइल काढले. तेव्हा आप्पा उठले आणि भाषणाला उभं राहावं तसे भिंतीसमोर उभे राहिले. त्यांची रुंद सावली प्रतिभाच्या चेहऱ्यावर पडली.

पहिल्या रांगेतल्या, ब्राह्मणपुरी गावच्या म्हातारीने चष्मा वर सरकवला.

"आप्पा, जरासा बाजूले व्हा. पोर दिखत नही."

आप्पा बाजूला झाले.