रिंग कोणी उचलायची

साहेबांनी बजावलं होतं, या मोसमात शिकाऊ पोरं मिळाली नाहीत तर पक्षीकेंद्राला टाळं. माझी अख्खी हयात या तळ्याकाठी जाळी लावण्यात गेली. टाळं लागल्यावर मी काय घरी बसून बायकोच्या कुंड्या राखू? म्हणून ताईपुढे हात पसरले. तिने लेक पाठवली आणि लेकीबरोबर तिचा एक मित्र आला. आल्या आल्या "प्लग कुठेय?" म्हणाला, म्हणून मी त्याचं नाव चार्जर ठेवलं.

सकाळी दोघं बाकावर, फोनमध्ये तोंड घालून. मी म्हटलं, "उठा, पक्ष्यांना रिंग करायचीय."

भाचीने मानही वर केली नाही. "नंबर काय त्यांचा?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अगं बये, रिंग म्हणजे पायातला वाळा. ॲल्युमिनियमचा. त्याच्यावर नंबर कोरलेला असतो."

"मग आहे ना नंबर," चार्जर म्हणाला.

मी कपाळाला हात लावला. हे दोघं माझे वारसदार. गेलं केंद्र, म्हटलं, आणि एकटाच जाळीकडे निघालो.

जाळीत खाटीक अडकला होता. एवढासा पक्षी, पण चोच आकड्यासारखी, आणि नावाला जागणारा. सोडवून टेबलापाशी आणेपर्यंत त्याने माझा अंगठा धरला तो धरलाच. मी कळवळलो, तसा चार्जरने पहिल्यांदा फोन खिशात घातला. "मामा, सोडत नाहीये तो," म्हणाला, भलताच खूश होऊन.

"दात काढू नकोस. पाय बघ त्याचा. माझा चष्मा कपाळावर राहिलाय."

भाची वाकली. "याच्या पायात आधीच रिंग आहे. अक्षरं वेगळीच आहेत."

तिने एकेक अक्षर वाचलं, चार्जरने फोन काढून ते शोधलं आणि नकाशा तिच्यापुढे धरला. रिंग परदेशातली होती. मध्ये डोंगर, वाळवंट, समुद्र.

"तिथल्या कोणीतरी रिंग केली," भाची हळूच म्हणाली, "आणि ती इथे आली."

पहिल्यांदाच मला तिचं बोलणं दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

"आता कळवायचं त्यांना, पोचला म्हणून," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी कोण कळवणार, माहीत नाही. इथे टाळं लागतंय."

"म्हणजे रिंग वाजत राहणार आणि कोणी उचलणार नाही?"

"तसंच समज."

"असं कसं? आम्ही उचलू की," ती म्हणाली. चार्जर तर पेन शोधायलाही लागला होता. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात ताईचा फोन आला. भाचीने कानाला लावला. "आई, नंतर कर. खाटकाची रिंग आलीये." आणि कट केला.

लगेच माझा खिसा वाजायला लागला. ताईच असणार. पण मी कसला उचलतोय, माझा अंगठा अजून चोचीतच होता.